बॅटरीचा नारळ कोण फोडणार?

गावातल्या सौर प्रकल्पाला सर्वांत आधी मांडव लागतो. मग फीत, कात्री, फेटे आणि ड्रोनवाला फोटोग्राफर. सूर्याचं काही नाही, तो बिनबोलावता येतो. ह्या सगळ्याची तरतूद चोख असते. चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या मान टाकतील तेव्हा पैसे कुठून आणायचे, ते पान मात्र अहवालाला टाचायचं राहून जातं.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईचं घ्या. तीस वर्षांहून अधिक काळ अंधारात काढलेल्या ह्या गावात २०१४ साली ग्रीनपीस ह्या पर्यावरणवादी संस्थेनं १०० किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती वीजयंत्रणा, उभा केला. खर्च सुमारे ३ कोटी. उद्घाटनाला तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेले नितीशकुमार आले, तर गावकरी रांगा लावून घोषणा देऊ लागले : आम्हाला खरी वीज द्या, नकली नको! खरी म्हणजे खांबावरून येणारी, सरकारी.

असं काही घडलं की लोकांना कृतघ्न ठरवून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. पण त्यांना सांगितलं काय होतं? बल्ब लावा, पंखा लावा. फ्रीज, कूलर, इस्त्रीच्या वाटेला जाऊ नका. गरिबानं दिव्यावर समाधान मानावं, ह्याबद्दल वातानुकूलित सभागृहांत नेहमीच एकमत असतं.

काही दिवसांतच सरकारी ट्रान्सफॉर्मर येऊन बसला. सौर युनिट नऊ रुपयांच्या आसपास, सरकारी तीनच्या. मग गिऱ्हाईक कुठं जाईल? पर्यावरणावरचं भाषण त्यानंही ऐकलं होतं, पण बिल त्याच्या नावानं येणार होतं. शिवाय सरकारी वीज स्वस्तात बनते असंही नाही. तिचा तोटा भरायला तिजोरी आहे, एवढंच. गावातल्या सौरवाल्याला मात्र आपण सांगतो : बाबा रे, स्वतःच्या पायावर उभा राहा! महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्या शिवारात कुणी वीज विकायचं दुकान थाटून बघावं. फुकटापेक्षा स्वस्त काय देणार?

त्यात सौर प्रकल्पाची रात्रीची वीज बॅटरीतून येते. बॅटरी म्हणजे दुभती म्हैस; वेळेवर पाणी पाजलं नाही की आटते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कुणी आणायचा, टोकांवर चढलेला पांढरा थर कुणी खरवडायचा, ह्यावर ग्रामसभेत ठराव होत नाहीत. बारभाईंची खेती, काय लागेल हाती! धरनईतही बॅटऱ्या संपल्या, दुरुस्ती थांबली. २०२१ साली तिथल्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली पत्रकारांना दिसली. सावलीचं बिल तरी कुणी थकवलं नसेल.

सगळीकडे असंच होतं म्हणणं मात्र अन्यायाचं. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ ह्या कंपनीनं बॉश कंपनीच्या पैशातून ३९ घरांसाठी जेमतेम ९.४ किलोवॉटचा प्रकल्प उभारला. भांडवल तिथंही देणगीचंच. पण घरोघरी मीटर बसले, वसुली गावच्याच ट्रस्टकडे दिली आणि देखभालीला व पुढच्या बॅटऱ्यांना पैसे त्या बिलातूनच काढायचे ठरले. ह्यात ड्रोननं टिपण्याजोगं काहीच नाही. शेजारी शेजाऱ्याकडे बिल मागतो, तो फोटो कोण छापणार?

तेव्हा पुढच्या वेळी सौरग्रामाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं तर जरूर जा. फेटा बांधून घ्या, जेवणही सोडू नका. फक्त मांडवातून निघण्याआधी आयोजकांना विचारा : बॅटरीचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतात, आणि त्या चेकवर सही कुणाची लागते?