मावळ्याला वाक्यं किती?

ऐतिहासिक नाटकात मावळ्याला साधारण दोन वाक्यं मिळतात. पहिलं ‘जी महाराज’, दुसरं ‘घात झाला महाराज!’ उरलेला वेळ त्याने भाला धरून उभं राहायचं आणि चिकटवलेल्या मिशा सांभाळायच्या. मावळात जन्मलेल्याला हे उपजतच येतं, असा दिग्दर्शकांचा समज आहे.

तेंडुलकरांनी निदान रांगेला काम दिलं. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये पुण्याच्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा! गाते, डुलते आणि अडचणीचं काही सुरू झालं की पाठ करते. हौशी मंडळींचा प्रयोग होता, लोणावळ्याहून लोकलने चिंचवडला जाऊन पाहिला. रांग पाठमोरी झाली तसे शेजारचे माजी नगरसेवक कानाशी आले. ‘‘आमच्याकडे डोंगराचा विषय निघाला की सभागृह असंच व्हायचं. फक्त गाणं नसायचं.’’

मध्यंतरात वड्याबरोबर, नाटकाने केलेली नाना फडणवीसांची बदनामीही निघाली. १९७२ सालीही निघाली होती, नाटक काही काळ बंदही पडलं होतं. या वेळी चिडलेल्या गृहस्थांचा नानांशी संबंध नानांनी लोहगडावर बांधलेल्या तळ्यापुरता. तेही सेल्फीत मागे आलेलं.

घाशीराम पुण्यात कोतवाली करत होता, त्याच काळात, जानेवारी १७७९ मध्ये, राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून आमच्या दारात आली. शत्रूला दाणा-वैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव जाळलं. गोरे माघारी फिरले आणि वडगावात शरण आले. तह झाला, महादजींचं नाव झालं. कार्ल्याला मेलेला कॅप्टन स्टुअर्ट तर लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून घरचाच करून टाकला. वडगावात त्याची समाधी आहे. ज्यांची घरं जळाली त्यांना मात्र ना नाव, ना चौथरा. ते बहुधा त्या पावसाळ्याआधी छपरं शाकारण्यात गुंतले असावेत.

यावर नाटक करावं म्हणून एका निर्मात्याला गाठलं.

‘‘घोडे किती?’’

‘‘घोडे नाहीत. जळकं गाव आहे.’’

‘‘धूर महाग पडतो हो. इष्टुर फाकड्याला एखादी लावणी बघताना दाखवता येईल?’’

‘‘आणि गावकरी?’’

‘‘ते तुमच्या लोणावळ्याचेच घेऊ. वाक्य नसलं की मानधन द्यावं लागत नाही.’’