टपाली मतपत्रिकाबाईंना, उसाच्या फडातून

ती. सौ. टपाली मतपत्रिकाबाई यांस,



आपली ओळख नाही, आणि व्हायची चिन्हंही नाहीत. म्हणूनच पत्र लिहिते आहे. तुम्ही मोठ्या घरच्या. पाकिटात पाकीट, त्यात घोषणापत्र, त्यावर अधिकाऱ्याची साक्षांकित सही, असा तुमचा बडेजाव ऐकून आहे. मी पाथर्डी तालुक्यातली ऊसतोड बाई. सध्या मुक्काम पोस्ट कोप, म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. कोपीला नंबर नसतो आणि फड रोज बदलतो, त्यामुळे उलट टपालाचा पत्ता देत नाही. राग मानू नये.

आमचा जिल्हा तुम्हाला माहीत असेल. 2024 साली त्याचं अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एवढं मोठं नाव बदललं, पण जिल्ह्याला नमुना 8 भरावा लागला नाही. आम्हाला मतदार यादीतल्या आडनावाची एक वेलांटी बदलायची असली तरी तो भरावा लागतो. देशाला सहकारी साखर कारखाना कसा काढतात हे याच जिल्ह्यातल्या प्रवरानगरनं 1950 च्या सुमारास दाखवलं. उत्तरेला पाटपाणी आणि ऊस, आमच्या दक्षिणेला कुसळं आणि कोयता, अशी वाटणी त्याच्याही आधीची. दिवाळीच्या आगेमागे टोळीच्या मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहतो. आगाऊ उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते, त्यामुळे "औंदा नको" म्हणायची सोय नसते. म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी गावात उरतात.

आणि नेमकी तेव्हाच गावात लोकशाही येते.

बाई, मी काही पंचांगवाली नाही, पण तारखा तुम्हीच बघा. आमच्या जिल्हा परिषदेचं मतदान 2017 साली 16 फेब्रुवारीला झालं. त्या परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. ग्रामपंचायतींचं मोठं मतदान 15 जानेवारी 2021 ला, पुढचं 18 डिसेंबर 2022 ला, त्याच्या पुढचं 5 नोव्हेंबर 2023 ला. विधानसभा 20 नोव्हेंबर 2024 ला आणि त्या हंगामाचं गाळप सुरू 15 नोव्हेंबरला. नगरपरिषदा 2 डिसेंबर 2025 ला, गाळप 1 नोव्हेंबरपासून. लोकसभा तेवढी 13 मे 2024 ला होती. मे महिन्यात आम्ही घरी असतो. म्हणजे दिल्लीच्या गादीवर कोण बसावं ते आम्हाला आवर्जून विचारतात, पण आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर कोणी पाठवावा हे ठरताना आम्ही कोसोकोस दूर मोळ्या बांधत असतो. यात कोणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. कट करायला आधी आमची आठवण यावी लागते. पावसाळ्यात मतदान नको म्हणतात, कारण चिखल होतो. खरं आहे, चिखल होतो. फक्त तेव्हा आम्ही गावातच त्या चिखलात उभे असतो.

तुम्ही कोणाकोणाकडे जाता याची मी चौकशी केली. लोकसभा-विधानसभेला सैन्यातल्या जवानांकडे जाता, 2016 पासून तर त्यांच्याकडे जायला तुम्हाला इलेक्ट्रॉनिक वाट मिळाली. निवडणुकीच्या कामावरच्या मास्तरांकडे जाता. नमुना 12-ड भरला तर म्हाताऱ्यांच्या घरीही जाता. पूर्वी 80 वर्षांवरच्यांकडे जायचात, मार्च 2024 पासून 85 वर्षांवरच्यांकडे. ऊसतोडीत मणक्यांची जी गत होते ती पाहता तिथवर पोचायची आमची काही घाई नाही. स्थानबद्धांकडेही जाता! प्रतिबंधात्मक कायद्याखाली ज्यांना आत ठेवलंय त्यांना टपालानं मत देता येतं हे कळलं तेव्हा मी घरच्या मालकांना म्हटलं, मतदानापुरतं आत जाऊन बसू. ते म्हणाले, "उचल कोण फेडील?" विषय संपला. गावच्या निवडणुकीत तर तुमचा राबता मुख्यतः निवडणूक कर्मचाऱ्यांकडेच असतो. तिथं ना 12-ड, ना 12-ऊसतोड.

नाव यादीत नाही अशी माझी तक्रार नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 20 आहे. घरापासून तात्पुरतं दूर गेलं म्हणून कुणी तिथला रहिवासी नाही असं होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्याला खरंच दुवा देते. पण नाव गावात आणि बाई फडात, यातून मत कसं पडावं ते पुढच्या कलमात कुठं सापडत नाही. काहींची नावं दोन-दोन ठिकाणी निघाली म्हणून 2025 साली राज्य निवडणूक आयोगानं त्यांच्या नावापुढं दोन-दोन चांदण्या काढल्या. आमचं नाव एकच आहे, बिनचांदणीचं, आणि तिथंही आम्ही नाही.

शेजारच्या कोपीतल्या पोरीची गंमत वेगळीच. तिला 2025 च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षं पूर्ण झाली. 2022 पासून वर्षात चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला, नवा मतदार मोजतात हे तिला ठाऊक आहे. पण स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोग स्वतः यादी करत नाही. विधानसभेची यादी एका तारखेला गोठवायची आणि प्रभागवार फोडायची. त्या वर्षी ती तारीख होती 1 जुलै. हरकत घ्यायची तर नाव चुकीच्या प्रभागात पडलं म्हणून घ्या, नवं नाव घालायला ती जागा नव्हे. डिसेंबरात मतदान, आणि ऑगस्टात सज्ञान झालेली पोर अजून अज्ञान. कोयता मात्र तिच्या हातात चौदाव्या वर्षीच आला. तिथं कुणी पात्रता दिनांक विचारला नाही.

तुम्ही येत नाही म्हणून आमची सोय अडत नाही बरं का. आमचं टपाल वेगळं आहे, त्याला पिकअप म्हणतात. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराची गाडी फडावर येते, डिझेल त्याचं, जेवण त्याचं, वाटेतला चहा त्याचा. मुकादम यादीवर बोट ठेवून माणसं मोजतो. कारखान्याच्या वहीत मी आणि मालक मिळून एक कोयता. मतदार यादीत मात्र दोन माणसं. त्या एका रात्रीपुरती माझी स्वतंत्र गणती होते, याचा मला आनंद होत नाही असं सांगितलं तर खोटं ठरेल. मतदारांना गाडीतून फुकट आणणं हा 1951 च्या कायद्यात भ्रष्ट आचार आहे म्हणतात. असेल. पण रात्रभर ज्याच्या गाडीत डुलक्या घेतल्या, सकाळी त्याचंच चिन्ह डोळ्यांपुढं येतं. ज्याच्याकडे गाडी नाही तो उमेदवार आमच्यापर्यंत पोचतच नाही. परत आल्यावर बुडालेल्या दिवसाची खाडाबुडी आमचीच. मतदानाची भरपगारी सुट्टी असते खरी, पण आम्हाला पगारच नाही. टनाचा भाव आहे, आणि न तोडलेल्या उसाला टन नसतो.

आता तुम्हाला बोलावते आहे असं समजू नका, कारण मी थोडा विचार केलाय. 2021 साली ग्रामपंचायतीला अर्ज मागे घ्यायची मुदत 4 जानेवारी होती आणि मतदान 15 जानेवारी. या अकरा दिवसांत तुम्ही छापून निघणार, फड शोधणार, खूण करून घेणार आणि परतणार? आणि समजा पोचलातच, तर कोपीवर तुमचं पाकीट आधी कोणाच्या हातात पडेल? मुकादमाच्या. तो टोळीतली सगळी पाकिटं एकत्र करील, एकाच पेनानं, एकाच अक्षरात. तुमची साक्षांकित अब्रू उसाच्या पाचटात जाईल. त्यापेक्षा कारखान्याच्या वजनकाट्याशेजारी एक मतदान केंद्र उघडता आलं तर पाहा. काश्मिरातून परागंदा झालेल्यांसाठी जम्मूत आणि दिल्लीत अशी केंद्रं उघडतात. त्यांच्यासारखी वेळ कुणावर न येवो, पण केंद्र माणसामागं जाऊ शकतं हे त्यातून दिसलं. 2022 च्या डिसेंबरात निवडणूक आयोगानं एका जागेवरून 72 मतदारसंघांचं मतदान घेणारं यंत्र काढलं होतं. जानेवारीत ते बघायला पक्षांना बोलावलं, आणि पक्षांनी इतक्या शंका काढल्या की यंत्र बासनात गेलं. विरोधात आणि सत्तेत एरवी कुठं जमत नाही, पण आम्ही पिकअपनंच यावं यावर सगळ्यांचं एकमत असावं.

सरकारला आमचा पत्ता सापडत नाही म्हणावं तर तेही नाही. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये फडात, माझ्या फोनवर येतात. रेशनकार्ड तर दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही चालतं. पैसा येतो, गहू येतो. इकडून तिकडे काही पाठवायचं म्हटलं की मात्र रस्ता बंद.

आमच्या गावचं सरपंचपद पुढच्या वेळी महिलेसाठी सुटेल अशी चर्चा आहे. निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळे कधीतरी सुटणारच. मालक गमतीनं म्हणाले, उभी राहा. उभी राहीनही. अर्ज भरायला, छाननीला आणि चिन्ह घ्यायला जायचं तर पिकअप मात्र मलाच करावी लागेल, आणि माझे सगळे मतदार सोलापूर, कोल्हापूर आणि कर्नाटकात पांगलेले. एका पिकअपमध्ये बसणारे नाहीत. तुमच्या ओळखीचं कुणी वरच्या कचेरीत असेल तर तारीख गुढीपाडव्याच्या पुढं ढकलायचं तेवढं बघा. उत्तर कळवायचं झालं तर मुकादमाच्या नंबरवर नको.

आपली नम्र,
भाग यादीतला एक अनुक्रमांक
(कारखान्याच्या वहीत : अर्धा कोयता)