शेगडीवाले दाजी

सातारा-सांगली पट्ट्यात बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर कुणी चूक म्हणत नाही. जेवायला पहिलं ताट त्याचं, गाडीत पुढची सीट त्याची, आणि तो बोलायला लागला की बाकीच्यांनी माना डोलवायच्या. या मानपानातूनच शेगडीवाले दाजी जन्माला आले, असं माझं मत आहे. दुसऱ्या कुठल्याही नात्यातल्या माणसाच्या हातचं एवढं कच्चं चिकन कुणी गिळलं नसतं.

हे दाजी साधारण चाळिशीचे. नोकरी साताऱ्यात, सासरवाडी सांगलीकडे, पलूस नाहीतर तासगाव. बायको माहेरी गेली की चहापत्तीचा डबा विचारायला फोन करतात. पण गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी, एक चपटी काळी पेटी बारा महिने असते. ती उघडली की चार पाय बाहेर येतात. तीन जमिनीला टेकतात, चौथ्याखाली दगड लागतो. हीच ती ऑनलाइन मागवलेली घडीची शेगडी. सोबत लांब दांड्याचा चिमटा, चपट्या सळया आणि छातीवर 'ग्रिल मास्टर' छापलेला एप्रन. एप्रनवर आजवर एक डाग पडलेला नाही, कारण कांदा चिरणं, चिकनला दही-लसूण चोळणं आणि दुसऱ्या दिवशी जाळी घासणं ही खाती ताईकडे आहेत. दाजींकडे फक्त अग्नी.

साताऱ्यात असले की त्यांची आवडती जागा म्हणजे ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडीचं पठार. एवढ्या पवनचक्क्या नेमक्या इथंच का उभ्या केल्या असतील, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलेला नाही. काडी ओढली की विझते. मग देवघरातून आणलेला कापूर निघतो आणि तिकडे ताईच्या सासूबाई संध्याकाळच्या आरतीला डबी शोधत बसतात. कासला मात्र दाजी आता जात नाहीत. पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पठारावर तंदुरी लावू देत नाहीत, हा त्यांना स्वतःवरचा व्यक्तिगत राग वाटतो.

त्यांचा खरा रंग बघायचा तर सासरवाडीला. बागेतला माल उतरलेला असतो, द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या शेडमध्ये पडलेल्या असतात, मेहुणे, साडू, पोरंटोरं मळ्यात जमलेली असतात. दाजी पेटीचा एक पुठ्ठा फाडून माझ्या हातात देतात. "घाल वारं." मी वारं घालतो. राख उडून ताईने चिरलेल्या कोथिंबिरीवर बसते. "असं नाही रे, मनगटातनं!" मी मनगटातनं घालतो. कोळसा धुमसतो, मग एकदम जाळ धरतो, आणि दाजी विजयी मुद्रेने सगळ्या तंगड्या त्या जाळावर मांडतात.

"दाजी, जरा थांबायचं का?"

"तुला नाही कळायचं. चिकनला जाळ लागतो."

चिकनला जाळ लागत नाही, निखारा लागतो. कोळशावरची ज्योत बसून त्याच्यावर पांढुरकी राख धरली की मग भाजायला घ्यायचं, हे चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण दाजींनी हे व्हिडिओवरून शिकलंय आणि व्हिडिओत थांबण्याचा भाग कापलेला असतो. चरबी निखाऱ्यावर गळते, भडका उडतो, धुराने सगळे मागे सरतात. दाजी त्याला 'फ्लेवर' म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. लाकूड हवा तोडून जाळलं की धूर करणारा ऐवज आधीच निघून जातो आणि कोळसा उरतो, म्हणून नीट फुललेल्या कोळशाला धूर जवळपास नसतोच. वास लागतो तो निखाऱ्यावर ठिपकणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा. पण ते थेंबाथेंबाने व्हावं लागतं. दाजी वर वाटीने तेल सोडतात.

भाजेपर्यंत व्याख्यान. 1952 साली अमेरिकेत शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने समुद्रात तरंगणारा बोया मधोमध कापला, अर्ध्यात कोळसा भरला, अर्ध्याचं झाकण केलं, आणि त्यातून वेबर कंपनीची जगभर खपणारी शेगडी आली. गोष्ट खरी आहे. "आपल्याकडं असं डोकं चालत नाही," हे दाजींचं तात्पर्य. हे ते पलूसच्या मळ्यात बसून सांगतात. शेजारच्या किर्लोस्करवाडीत 1910 पासून कारखाना आहे, तिथल्या लोखंडी नांगरांनी महाराष्ट्र नांगरला. येताना वाटेवर कराडजवळची ओगलेवाडी लागते, तिथे प्रभाकर कंदील बनायचे. पण दाजींना कोण सांगणार? पहिलं ताट त्यांचं.

अवकाळीचे चार थेंब पडले की दाजी शेगडी उचलून मळ्यातल्या खोलीत न्यायला निघतात. तेवढ्यापुरता ताईचा आवाज चढतो. "अहो, खोलीत नाही न्यायची!" कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत माणूस झोपल्या जागी जातो. या एका बाबतीत दाजींचा मानपान बाजूला ठेवला जातो. शेगडी शेडच्या उघड्या कडेला येते.

मग वाढप. तंगडी बाहेरून बुक्क्यासारखी काळी, हाडापाशी गुलाबी. साडू म्हणतात, "नाद खुळा, दाजी!" थोरले मेहुणे तंगडी हातात घेऊन पाणी प्यायला विहिरीकडे जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात.

आता कोळशावर पांढरी राख धरलेली असते. दाजींच्या लेखी कार्यक्रम संपलेला, त्यांच्या सासूबाईंच्या लेखी शेगडी आत्ता कुठे तयार झालेली. त्या पदर खोचून येतात. काठीने निखारे एका कडेला ओढतात आणि त्यावर कृष्णाकाठची दोन वांगी ठेवतात, टोचे मारून, तेलाचा हात फिरवून. मिरच्या, लसणाचा गड्डा तिथेच शेजारी. रिकाम्या झालेल्या बाजूला ताई त्या अर्धकच्च्या तंगड्या मांडते आणि वर एक पातेलं पालथं घालते. शिकागोच्या माणसाला त्यासाठी बोया कापावा लागला होता. वांग्याची साल तडकते, देठापाशी रस फुटून निखाऱ्यावर चुरचुरतो. सासूबाई बोटं न भाजता साल काढतात (कशी, ते मला अजून कळलेलं नाही), मिरची-लसूण मिठाबरोबर रगडतात, कांद्याची पात आणि दाण्याचा कूट घालतात. ज्वारीची भाकरी येते. पातेलं उचललं की तंगड्याही हाडापर्यंत शिजलेल्या. पुढची दहा मिनिटं मळ्यात कुणी बोलत नाही.

"जावईबापूंनी निखारा झकास पाडला होता," सासूबाई म्हणतात. दाजी नम्रपणे मान हलवतात आणि भरताचा फोटो स्टेटसला टाकतात. खाली स्वतःचं नाव.

एक कळकळीची विनंती. तुमच्याही घरात असे दाजी असतील, तर निघताना शेगडी त्यांच्या भरवशावर सोडू नका. पेटायला तास घेणारा कोळसा विझायला त्याहून जास्त घेतो, वरून राख दिसली तरी आत तो तासन्‌तास जिवंत असतो, आणि दाजींना तो झुडपाखाली ओतायची सवय असते. फेब्रुवारी ते मेमध्ये यवतेश्वर-सज्जनगडाकडच्या वाळक्या गवताला तेवढा एक निखारा पुरतो. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताला गार लागल्यावरच पेटी डिकीत टाका. दाजी तेव्हा लाइक मोजत असतात.