कंपनीनं जास्तीचं दिलंय

परभणीत वसमत रोडला म्हणा, जिंतूर रोडला म्हणा, रविवारी सकाळी एखाद्या फाटकाबाहेर एमएच-२२ची गाडी एक दरवाजा सताड उघडा टाकून उभी असेल, तर शेजारी गाडीचा मालकच बसलाय हे सांगायला नको. खाली गेलेली काच वर येईना, एवढंच निमित्त. इतर लोक अशा वेळी मेकॅनिककडे जातात. हा पक्कड, स्टार पेचकस आणि दहा नंबरचा पाना घेऊन बनियनवर बसतो. ‘काही नाही हो त्याच्यात. चार स्क्रू आणि एक तार.’ चार स्क्रू निघतात, पण दरवाजाचं पॅड निघत नाही, कारण ते कडेनं प्लास्टिकच्या क्लिपांत दाबून बसवलेलं असतं. तो हिसका देतो. दोन क्लिपा तुटतात. तुकडे हातात घेऊन तो शांतपणे म्हणतो, ‘कंपनीनं जास्तीच्या दिल्यात.’ पॅडमागे काळ्या चिकट पट्टीनं लावलेला पॉलिथिनचा पडदा दिसतो. तोही जास्तीचा.

लोक त्याला कंजूष म्हणतात. हे पटत नाही. कंजूष माणूस खर्च मोजतो. हा स्पेअरच्या दुकानाच्या खेपा, पेट्रोल आणि बुडालेला रविवार यांतलं काहीच मोजत नाही. त्याला अडाणी म्हणावं, तर त्याचं निदान भल्याभल्यांना लाजवील असं असतं. तो बटण दाबून आधी कान लावतो. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे तार तुटली किंवा काच धरणारं प्लास्टिक गेलं. आवाजच नाही, तर आधी फ्यूज पाहायचा, मग बटण. काच जागीच थरथरते आणि गाडीतले दिवे मंदावतात, म्हणजे मोटर जोर लावतेय, पण काच रबरात अडकलीय. हे परभणीतच इतकं का होतं, याचंही त्याच्याकडे उत्तर आहे, आणि ते बरोबर आहे: चाळीस अंशांवरच्या उन्हात उघड्यावर उभ्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ होतं, काळ्या मातीची धूळ काचेच्या रबरात बसते, ग्रीस चिकट होतं, आणि सगळा ताण सर्वांत नाजूक तुकड्यावर येतो. काच वर-खाली करणारी मशीन सोडवण्याआधी काच वरच्या चौकटीला टेपनं चिकटवायची, नाहीतर ती दरवाजात कोसळेल, हेही तो विसरत नाही. काम करताना ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तो ऐकवतोच. गंमत म्हणजे जर्मनीचा इथे खराच संबंध आहे: १९६३ साली बीएमडब्ल्यूच्या ३२०० सीएस गाडीत ब्रोझे या जर्मन कंपनीनं विजेवर चालणारी काच बसवली होती. मात्र त्या जर्मनांनीही कुठे काय जास्तीचं दिलं, हे तो सांगू शकेल.

दोष ज्ञानाचा नाहीच, निवाड्याचा आहे. ज्याचा उपयोग त्याला दिसत नाही, ते त्याच्या लेखी कंपनीच्या उधळपट्टीत जमा. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाजाच्या पोटात जाणारच, हे धरूनच दरवाजा बनवलेला असतो. ते खालच्या भोकांतून निघून जातं आणि आत झिरपू नये म्हणून तो पडदा असतो. पडदा काढून टाकलेला, त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरीला बायकोच्या पायाखालची मॅट भिजते. तो वाकून पाहतो, दरवाजाच्या खालच्या कडेला भोकं सापडतात. ‘भोकं जास्तीची दिलीत.’ भोकं एम-सीलनं बुजतात, आणि त्यानंतर प्रत्येक वळणावर दरवाजातून डुबुक असा आवाज येतो. इथवर हसायला हरकत नाही. पण काही गाड्यांत मुलाचा हात मध्ये आला तर काच थांबून मागे फिरते. मशीन बदलल्यावर बऱ्याचदा बटण दाबून धरून काचेला तिची हद्द पुन्हा शिकवावी लागते. तो शिकवत नाही. ही सोय मात्र जास्तीची नाही, आणि इथे त्याला माफी नाही.

मग पन्नास पावलांवर मेकॅनिक असताना हा हट्ट कशाला? उत्तर गाडीत नाही, विहिरीवर आहे. त्याच्या पिढीनं शेतीची वीज रात्री येताना पाहिली. पाण्याच्या पाळीच्या रात्री मोटर बंद पडली, तर वायरमन त्याच्या सवडीनं यायचा आणि पीक तोवर थांबायचं नाही. बॅटरीच्या उजेडात स्टार्टरची पेटी उघडायची, जे नडतंय ते बाजूला काढायचं, बाकीचं थेट जोडायचं. पाणी आलं म्हणजे काढलेलं जास्तीचंच होतं. असा धडा शिकलेला माणूस नोकरीपायी शहरात आला, बंगला बांधला, गाडी घेतली. उघडून पाहिल्याशिवाय चैन न पडण्याची खोड काही गेली नाही.

आणि एका बाबतीत, नाइलाजानं का होईना, त्याची बाजू घ्यावी लागते. बहुतेक वेळा मोडतो तो बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो दुकानात मागितला, तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, ‘सुटं मिळत नाही, काका.’ मिळते ती पूर्ण मशीन: पट्टी, तार, पुल्या, आणि पुष्कळदा मोटरसुद्धा, जुनी मोटर धडधाकट असली तरी. हे सगळं खरोखरच कंपनीनं जास्तीचं दिलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा तो तसं म्हणत नाही. मुकाट्यानं पैसे देतो आणि जुनी मोटर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतो. पुढे कधी शेजाऱ्याच्या तसल्याच गाडीची मोटर जळाली की ती खाली येते. पैसे तो घेत नाही. दरवाजा मी उघडणार, एवढीच अट. शेजाऱ्यानं ती भिजलेली मॅट पाहिलेली असते. तरी तो हो म्हणतो, आणि शनिवारीच क्लिपांचं एक पाकीट आणून ठेवतो.