अमरावतीची डबी, अकोल्याचं झाकण

फुकट मिळणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर सल्ल्याचा आणि दुसरा इंटरनेटवरच्या डिझाइनचा. सल्ला निदान ऐकून सोडून देता येतो. डिझाइन एकदा मोबाइलमध्ये उतरलं की त्याच्यामागे रंगीत प्रिंट, जाड कार्डशीट, कटर, डबल टेप, सॅटिनची रिबीन आणि हे सगळं आणायला अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंतच्या खेपा ओघानेच येतात. शेवटी दहा रुपयांच्या तिळगुळाभोवती चाळीस रुपयांची डबी उभी राहते. तरी डबी करणारी बाई हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला अभिमानाने सांगते, "डिझाइन फुकटात मिळालं हो!"

ही फुकटची डिझाइनं येतात थंडीच्या मुलखातून. त्यांत बर्फ असतो, धुराड्यातून उतरणारा सांताक्लॉज असतो आणि फांद्यांसारख्या शिंगांचं रेनडिअर असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, तिथं बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर. पण माझी अकोल्याची मेव्हणी अशा किरकोळ अडचणींना जुमानत नाही. बर्फाच्या सहा टोकांच्या चांदण्या तिने देवघरासमोर चिकटवल्या आणि रांगोळी म्हणून त्यांचं कौतुक करून घेतलं. तान्ह्या पोळ्याला तर तिने रेनडिअरचा बैल केला. फांद्या कापल्या, त्या जागी कार्डशीटची दोन शिंगं लावली, शिंगांना बेगड गुंडाळली, पाठीवर पतंगी कागदाची झूल घातली आणि गळ्यात लोकरीचा गोंडा बांधला. नाक तेवढं मूळचं लालभडक राहिलं. ते शेंदूर लागल्याचं सांगून खपवलं.

शेजारच्या कास्तकार काकाजींनी तो बैल हातात घेऊन चारही बाजूंनी पाहिला. "गवळाऊ तं दिसत नाही," ते म्हणाले. "कोनत्या जातीचा होय?"

"परदेशी आहे, काकाजी."

"असं का? वखराले चालन का पन?"

आकाशकंदील मात्र पूर्वी असा परदेशातून मागवावा लागत नसे. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि पातेल्यात शिजवलेली मैद्याची खळ एवढ्यावर तो व्हायचा. मापं बोटांची आणि वितीची असायची. कागदाच्या करंज्या कुणी संगणकाला विचारून दुमडल्या नाहीत. कंदील थोडा वाकडा झाला तर वाकडी बाजू भिंतीकडे करायची, एवढंच तंत्रज्ञान होतं.

गेल्या दिवाळीत माझी बायको आणि मेव्हणी या दोघी बहिणींनी मिळून बेत केला. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दोन्ही घरांचा फराळ एकत्र पाठवायचा आणि तोही स्वतः केलेल्या कागदी डब्यांत. बेताला सरकारचाही पाठिंबा होता म्हणायला हरकत नाही. थर्माकोलची मखरं महाराष्ट्रातून २०१८ मध्येच गेली, आणि १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या वेष्टनावरही देशभर बंदी आली. म्हणजे कागदाला पर्याय नाही. डिझाइन ठरलं. खालची चौकोनी डबी साधी बदामी, वरचं झाकण रंगीत, त्यावर पणत्यांची नक्षी. कामाची वाटणीही ठरली. डबी अमरावतीने छापायची, झाकण अकोल्याने.

वऱ्हाडाचा इतिहास माहीत असलेल्या माणसाने इथंच सावध व्हायला हवं. इंग्रजी अमलात वऱ्हाडाची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली, तेव्हा एकाचं मुख्य ठाणं अमरावतीला होतं आणि दुसऱ्याचं अकोल्याला. तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकींकडे जरा तिरक्या नजरेने बघतात. अकोल्याने १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ मिळवलं, तर अमरावतीनेही १९८३ मध्ये आपलं विद्यापीठ मिळवलं. महसूल विभागाचं मुख्यालय अमरावतीला आहे, हे अमरावतीकर विसरत नाही आणि अकोलेकर ऐकत नाही. माझी बायको माहेरची अकोल्याची आणि सासरची अमरावतीची. त्यामुळे ज्या गावात असेल त्याच्या विरुद्ध गावाची बाजू घेते.

अमरावतीच्या झेरॉक्सवाल्याने फाइल उघडली आणि मान हलवली. "काकू, हे लेटर साइजचं होय. आपल्याकडं ए-फोर चालते. फिट करून देऊ का जसं हाय तसंच काढू?"

"जसं आहे तसंच," बायको म्हणाली. तिला कुणी काही फिट केलेलं आवडत नाही.

त्याच संध्याकाळी अकोल्यात तिकडच्या झेरॉक्सवाल्याने मेव्हणीला हाच प्रश्न विचारला. तिने विचारलं, "फिट केलं तर काय होईल?"

"काही नाही, ताई. थोडंसं बारीक होते. कोनाले समजते?"

कुणाला समजतं, याचं उत्तर कागदाच्या मापात आहे. आपलं ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं असतं. त्याची लांबी-रुंदी अशी बेतलेली असते की अर्धं कापलं तरी आकाराचं प्रमाण बदलत नाही. जर्मनीत १९२२ मध्ये हे माप ठरलं आणि हळूहळू बहुतेक जगाने ते स्वीकारलं. अमेरिकेने मात्र आपलं लेटर पान सोडलं नाही. ते २१६ बाय २७९ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्यापेक्षा रुंद आणि बुटकं. ते रुंद पान आपल्या पानात बसवायचं तर प्रत्येक रेष शंभरातून तीनने आखडते. तीन टक्क्यांनी शुभेच्छापत्राला काही होत नाही, पण डबीला होतं. डबीची बाजू १०० मिलिमीटर असेल तर झाकण १०२ चं ठेवतात, म्हणजे ते वरून अलगद उतरतं. त्या १०२ चे तीन टक्के गेले की उरतात ९९.

हा हिशेब त्या वेळी कुणीच केलेला नव्हता. आम्ही बदामी पानांचा गठ्ठा मांडीवर घेऊन अकोल्याला निघालो. याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, जेमतेम २५ किलोमीटरचा. अशा रस्त्याने कागदाला सुरकुतीसुद्धा पडली नाही. मूर्तिजापूरला चहा झाला तोही न सांडता. धक्का बसायचा तो जठारपेठेत, सासुरवाडीला पोचल्यावर बसला.

पहिला धक्का सासऱ्यांनी दिला. डिझाइनवर दोन प्रकारच्या रेषा असतात. सलग रेष कापायची, तुटक रेष दुमडायची. सासऱ्यांनी जन्मभर वर्तमानपत्रांतली कुपनं तुटक रेषेवर कापून पाठवलेली. त्यांना कात्री दिली आणि सगळे चहाला आत गेले. बाहेर येऊन बघतो तर झाकणांचा निम्मा गठ्ठा चौकोनी तुकडे होऊन पडलेला. "जवाईबापू," ते समाधानाने म्हणाले, "टिपक्याच्या रेघा साऱ्या कापून टाकल्या म्या. एक ठेवली नाही."

उरलेल्या पानांवर मग घडीचं काम सुरू झालं. तेवढं मात्र बघण्यासारखं असतं. कार्डशीट अडीचशे-तीनशे जीएसएमची. ती नुसती दुमडली तर कडा फाटल्यासारखी होते आणि छापलेला रंग घडीवर तडकून आतला पांढरा कागद दिसू लागतो. म्हणून घडीच्या रेषेवर पोलादी पट्टी धरायची आणि शाई संपलेली रिफिल दाबून ओढायची. कागद कापला जाऊ नये, पण बोट फिरवलं तर बारीक चर हाताला लागावा, इतकाच दाब. मग दुमडलं की कडा सरळ बसते. कागदालाही आडवा-उभा धागा असतो. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायची. ज्या बाजूने ती मुकाट्याने वाकते त्या बाजूची घडी स्वच्छ येते. मेव्हणीची मुलगी नववीतली, पण हे काम तिच्याइतकं नेटकं कुणाचंच झालं नाही. सूचना करायला आम्ही चार मोठी माणसं होतोच.

डब्या उभ्या राहिल्या, झाकणं उभी राहिली. मेव्हणीने पहिलं झाकण उचलून पहिल्या डबीवर ठेवलं. ते वरच बसून राहिलं. तिने दाबलं, तर डबी वाकली. दुसरं घेतलं, त्याचीही तीच गत.

"ताई, तुझ्या डब्या मोठ्या झाल्या."

"माझ्या डब्या बरोबर आहेत. तुझी झाकणं लहान आहेत."

"अकोल्याचं काही कधी लहान नसतं."

पुढची काही मिनिटं कृषी विद्यापीठ, विभागीय आयुक्तालय, रस्ते, पाणी आणि दोन्ही गावांतल्या चौकांपर्यंतचं सगळं निघालं. तेवढ्यात नववीतल्या मुलीने झाकण उलटं करून जमिनीवर ठेवलं आणि त्यावर डबी पालथी घातली. खट्कन बसली. झाकण झालं तबक आणि डबी झाली टोपण. तोडगा निघाला, पण राजकारण नव्याने सुरू झालं, कारण आता अमरावती वर आणि अकोला खाली आलं होतं. शिवाय पणत्यांची नक्षी सगळी तळाशी दडली. "उचलल्यावर दिसेल ना, सरप्राइज!" असं बायको म्हणाली. मेव्हणी काहीच बोलली नाही. आमच्याकडे याचा अर्थ संक्रांतीला उत्तर मिळेल असा होतो.

यानंतर सासूबाई स्वयंपाकघरातून लाडवांची परात घेऊन आल्या आणि दोन्ही गावांचा वाद एका क्षणात मिटला. लाडू त्या टोपणापेक्षा चांगलेच उंच होते. टोपण लाडवाच्या डोक्यावर अडकलं, खालपर्यंत काही येईना.

"आई, जरा लहान वळायचे ना," मेव्हणी म्हणाली.

"कायले? लाडू काय डबी पाहून वळते का कोनी? माह्या मुठीत मावते तेवढा लाडू. डबीले मोठी कर."

त्यांनी परात ठेवली आणि तबकात घालायला जुना पेपर फाडू लागल्या. तेवढ्यापुरता माझा उपयोग झाला. वर्तमानपत्रात खायचं काही बांधू नका, शाईतलं शिसं वगैरे पदार्थात उतरतं, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बजावलेलं आहे, हे मी सांगितलं. छापील कार्डशीटलाही हाच नियम लावावा आणि तूप-तेलाने डबी तेलकट होऊ नये म्हणूनही मध्ये बटर पेपर हवा. तो घालून लाडू बसवले, टोपण जेवढं उतरलं तेवढं उतरवलं आणि मधल्या फटीवरून लाल रिबीन गुंडाळली. पुण्याहून निरोप आला, "डबीचं डिझाइन फार वेगळं आहे, कुठून घेतलं?" लाडवांबद्दल कुणीच काही बोललं नाही, याचं सासूबाईंना अजून वाईट वाटतं.

मला विचाराल तर या सगळ्या घोळात बरोबर त्या एकट्याच होत्या. आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात लवादा नावाचं गाव आहे. तिथल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू कारागीर बांबूच्या राख्या करतात आणि त्या दूरदूर जातात. सासूबाईंच्या लाडवाची सुरुवात मुठीपासून, तशी त्यांच्या कामाची सुरुवात हातातल्या बांबूपासून होते. राखीला काय शोभेल ते बांबूच्या पेरावरून ठरतं. आपण मात्र सुरुवात करतो परक्या पानापासून, मग त्या पानात आपला सण बसवतो, आणि रेनडिअरला बैल होता होता नाक लालच राहतं.

तेव्हा येत्या सणाला घरी डबी करणार असाल तर डिझाइन शोधण्याआधी लाडू वळा. त्याला पट्टी लावून उंची मोजा आणि वर बोटभर जागा धरा. डबी आणि झाकण एकाच दुकानात, एकाच वेळी छापून घ्या. छापणाऱ्याला 'फिट नको, आहे तसंच' असं सांगून वर पट्टीने एकदा मोजूनही बघा. दुकान अमरावतीचं बरं की अकोल्याचं, हा वाद त्यानंतर लाडू खाता खाता घालता येतो.