विमानातून टमटमात

कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला, आणि शहरापासून सुमारे चौदा किलोमीटरवर, सेडम रस्त्यावरील श्रीनिवास सरडगी या गावाच्या शिवारात पसरलेल्या त्याच्या ३,१७५ मीटर लांबीच्या धावपट्टीविषयी जिल्ह्यात तेव्हापासून यथोचित अभिमान बाळगला जातो. एवढ्या लांबीवर भलीमोठी विमाने उतरू शकतात. प्रत्यक्षात तेथे उतरत आली ती बहुधा पन्नास-पाऊणशे आसनांची लहान विमाने, आणि त्यांतील स्टार एअर ही कंपनी कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाची असल्यामुळे सीमाभागातील मराठी प्रवाशाला तीत बसताना पाहुण्याच्या गाडीतून निघाल्याचे समाधान लाभते, तिकीट मात्र पूर्ण काढावे लागते. लहान शहरे विमानसेवेने जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ ही योजना आखली आणि तिच्यात तासाभराच्या प्रवासासाठी काही आसनांचे भाडे प्रारंभी अडीच हजार रुपयांवर रोखून धरले. आकाशातील दर याप्रमाणे सरकारने ठरवून दिले. सेडम रस्त्यावरील दर मात्र ज्याच्या हाती हँडल त्याच्याच हाती राहिले, आणि स्वस्तात उडालेल्या माणसाने स्वस्तात घरी कसे पोहोचावे, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी प्रवाशाच्या स्वतंत्र बुद्धीवर सोपवला.

या बुद्धीची पहिली कसोटी विमानतळाच्या दारातच लागते. बाहेर उभा असलेला रिक्षाचालक शहरापर्यंतचे जे भाडे सांगतो, त्यात जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाग असतात, कारण परतताना रिक्षा रिकामी आणावी लागते, असे त्याचे म्हणणे असते. हे म्हणणे सकृद्दर्शनी वाजवी आहे. अडचण एवढीच की शहरातून विमानतळाकडे निघणाऱ्या प्रवाशालाही नेमके हेच कारण सांगितले जाते, आणि दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी मानल्यास सेडम रस्त्यावरून दिवसभर रिकाम्या रिक्षांची रांग धावत असली पाहिजे, जी आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेली नाही.

त्यामुळे काटकसरी प्रवासी फाटकाबाहेर पडतो, चाकांची सूटकेस खडीवरून ओढत मुख्य रस्ता गाठतो आणि टमटमची वाट पाहतो. टमटम म्हणजे रिक्षाहून ऐसपैस असे तीन चाकांचे वाहन, ज्यात माणसे माणशी भाडे देऊन बसतात आणि जे सीट भरल्यावाचून जागचे हलत नाही. ‘सीट भरणे’ या प्रयोगाचा अर्थ मात्र प्रदेशानुसार बदलतो; येथे तो असा की चालकाच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन प्रवासी बसवल्यानंतर त्या दोघांचा अर्धा देह वाहनात आणि उरलेला अर्धा रस्त्यावर आला, म्हणजे पुढची बाजू भरली, आणि मागे एकमेकांचे गुडघे मोजता येईनासे झाले, म्हणजे मागची. अशा वेळी विमान कंपनीचा कागदी पट्टा अजून मुठीला लोंबत असलेली सूटकेस टपावर, तुरीच्या पोत्याशेजारी, दोरीने बांधली जाते. पोत्याचा मालक त्या पट्ट्याकडे एकदा निरखून पाहतो आणि सूटकेसच्या मालकासाठी तसूभरही सरकत नाही, आणि यात त्याचे काही चुकत नाही, कारण माणशी भाडे दोघांचेही सारखेच असते.

टमटमहून श्रेष्ठ पर्याय म्हणजे कल्याण कर्नाटक रस्ता परिवहन महामंडळाची बस. कल्याण कर्नाटक हे पूर्वी निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या आणि २०१९ पर्यंत हैदराबाद-कर्नाटक म्हणवणाऱ्या भागाचे आजचे सरकारी नाव होय. या बसमध्ये स्वस्ताई ठरते ती अंतरावरून नव्हे, तर आधार कार्डावरून. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून लागू केलेल्या ‘शक्ती’ योजनेनुसार राज्यातील रहिवासी स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो, आणि वाहक त्यांना शून्य रुपयांचे तिकीट रीतसर छापून देतो. महाराष्ट्राच्या एसटीने त्याच वर्षी १७ मार्चपासून स्त्रियांना निम्मे तिकीट केले होते, आणि तेलंगणाने ९ डिसेंबरपासून ‘महालक्ष्मी’ या नावाने आपल्या रहिवासी स्त्रियांचा प्रवास मोफत केला. तीन राज्ये जेथे एकमेकांना खेटून आहेत, तेथे याचा परिणाम शास्त्रीय अभ्यासाच्या योग्यतेचा आहे. कर्नाटकातील भालकीची सासू, महाराष्ट्रातील उदगीरची आत्याबाई आणि माहेरचाच पत्ता कार्डावर कायम असलेली तेलंगणातील झहीराबादची सून अशा तिघी बीदरच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसल्या, की सासूचे तिकीट शून्य, उरलेल्या दोघींचे पूर्ण. बस झहीराबादच्या पुढे तेलंगणाच्या महामंडळाची असली, की सून फुकट आणि सासू पैसे मोजणार, ज्यामुळे घरातील सत्तासमतोल तात्पुरता ढळतो. आणि उदगीरकडे एसटीने जाताना आत्याबाई सर्वांना अर्ध्या तिकिटाचे महत्त्व समजावून सांगतात. कर्त्या वयाच्या पुरुषाला तिन्ही राज्यांत पूर्ण तिकीट पडते आणि तिघींचे सामानही त्यालाच उचलावे लागते.

या बाबतीत पुरुषाने पक्ष्यांकडे पाहून समाधान मानावे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या सरकारी बसमध्ये एक आजी आणि तिची नात ‘शक्ती’मुळे शून्य रुपयांत बसल्या, पण त्यांच्याजवळच्या पिंजऱ्यातील चार पोपटांना प्रत्येकी १११ याप्रमाणे ४४४ रुपयांचे तिकीट फाडण्यात आले. पोपटांपाशी रहिवासाचा पुरावा नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. उडण्याची सोय जन्मजात असूनही ते बसने निघाले, याचा खुलासा मात्र कोणी मागितला नाही.

बीदरच्या प्रवाशापुढील प्रश्न निराळा आहे. त्याला आधी आपल्या गावात विमान उतरते की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. बीदरची धावपट्टी हवाई दलाची असून तेथे वैमानिकांना ‘हॉक’ विमानांवर प्रशिक्षण दिले जाते, आणि ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरती करणाऱ्या पथकाचे ठाणेही तेथेच असल्यामुळे ज्या दृश्यासाठी इतर शहरांतील लोक पास मिळवतात, ते बीदरकर गच्चीवर पापड वाळत घालताना फुकट पाहतात. नागरी विमानसेवेचे नशीब एवढे थोर नव्हते, कारण शमशाबाद येथील हैदराबादच्या विमानतळाच्या करारात १५० किलोमीटरच्या परिघात दुसरा नागरी विमानतळ होऊ न देण्याची अट होती आणि बीदर त्या परिघात सापडले. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूरचे विमान आले. पुढे ते थांबले, २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीचे सुरू झाले, २०२३ च्या अखेरीस तेही बंद पडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आले. बीदरचा प्रवासी या मधल्या काळात शमशाबादला उतरत असे आणि तेथून शहरात नेणाऱ्या ज्या सरकारी बसमध्ये चढे, तिचे नाव ‘पुष्पक’ आहे. ज्याने नुकतेच खरे विमान सोडले त्याला बसच्या रूपाने कुबेराचे विमान मिळावे, आणि त्यानंतर इमलीबन येथील मोठ्या बसस्थानकावर बीदरची गाडी शोधताना दोन्ही विमानांचा विसर पडावा, हा क्रम तेलंगणाच्या परिवहन खात्याने जाणूनबुजून योजला असेल असे वाटत नाही. कलबुर्गीला उतरणाऱ्यासाठी हुमनाबादमार्गे बीदरला जाणारा ११० किलोमीटरचा लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ पासून चालू आहे, आणि निव्वळ दराचा विचार करता त्याच्याशी कोणाचीही बरोबरी नाही. गाडीची वेळ आणि विमानाची वेळ जुळणे हा भाग दैवाधीन मानावा.

घरचे वाहन ही संस्था अभ्यासकांनी फुकट या सदरात घातली आहे, ती चूक आहे. बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, मोटारसायकल घेऊन विमानतळावर येतात, सूटकेस टाकीवर आडवी ठेवतात आणि हनुवटी तिच्यावर टेकवून चौदा किलोमीटर गाडी चालवतात. या उपकाराची परतफेड बंगळूरहून आणलेल्या म्हैसूरपाकाच्या डब्यापासून सुरू होते आणि पुढील प्रत्येक लग्नाच्या पंगतीत “तेव्हा मीच आणायला गेलो होतो की हो” हे वाक्य ऐकून घेण्यात चालू राहते. रिक्षावाल्याचे भाडे एकदाच द्यावे लागते.

उतरण्याच्या जागेबाबत हा प्रदेश प्रवाहाच्या उलट दिशेने जातो, कारण येथे वाहतुकीपेक्षा निवास स्वस्त आहे. बीदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात नांदेडहून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सराई आहे आणि लंगरात जेवायला बसणाऱ्याला कोणीही कार्ड विचारत नाही. मराठी प्रवाशाचे मुख्य ठिकाण मात्र अफझलपूर तालुक्यातील गाणगापूर, जेथे भीमा आणि अमरजा यांचा संगम आणि नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका आहेत, आणि जेथे पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची जुनी रीत अजून चालते. दत्तात्रेय येथे दुपारी माधुकरीला येतात, अशी श्रद्धा असल्यामुळे भक्तही निदान पाच घरी झोळी घेऊन माधुकरी, म्हणजे शिजवलेल्या अन्नाची भिक्षा, मागतात. सकाळी टमटमवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घातलेला गृहस्थ दुपारी त्याच गावात अनवाणी, विनातक्रार, मिळेल ते घेत फिरताना दिसतो.

विमानतळ ते निवास या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत समाधानकारक उत्तरही याच गावाच्या नावे नोंदलेले आहे. तंतुक नावाच्या विणकर भक्ताला श्रीगुरूंनी, म्हणजे नृसिंह सरस्वतींनी, पादुका घट्ट धरून डोळे मिटायला सांगितले आणि शिवरात्रीला क्षणार्धात श्रीशैलावर पोहोचवले, अशी कथा गुरुचरित्रात आहे. त्यात तिकीट नाही, सामानाचे वजन नाही, आणि उतरल्यावर रिक्षाही नाही. तंतुकाच्या परतीची सोयसुद्धा त्याच मार्गाने झाली. हल्लीच्या भक्ताला संध्याकाळचे विमान गाठायचे असते, म्हणून तो प्रसाद आटोपून कलबुर्गीची बस किती वाजता येते, हे पुजाऱ्याला विचारतो, आणि पुजारी आतून पाट आणत म्हणतो, “येते की हो, बसा जरा.”