पाच किलोमीटरच्या आतल्या बायका

“अगं, तुझी भाची कालपासून माझ्या फोनमध्ये शिरलीय. सकाळी आरती ऐकावी म्हणून फेसबुक उघडलं, तर ही कंगवा परजत उभी!”

काकूंच्या एका हातात फोन, दुसरा भिंतीवरून आमच्या कढीपत्त्यात.

“शिरणारच काकू. पैसे मोजलेत तिनं. विश्रामबाग चौकापासून पाच किलोमीटरच्या आतल्या बायकांना दाखवा, असं सांगितलंय. वयही घातलंय, पंचवीस ते साठ.”

“साठ? मग मी कशी सापडले?”

“फेसबुकवर तुम्ही जन्मसाल काय टाकलंय, ते तुम्हालाच ठाऊक.”

काकूंनी आणखी एक डहाळी मोडली.

“ते राहू दे. पण मागं आरशासमोर नाचायची, ते का बंद केलं? छान नाचायची की!”

“नाचून काय मिळालं? २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडं रील आणलं, तेव्हापासून घरोघरी नाच चाललाय. हिचं एक रील हजारोंनी बघितलं. खाली बदाम कुणाचे? पाटण्याचे, सुरतेचे, एक तर दुबईचा. त्यातलं कोण सांगलीला केस कापायला येणार? त्या आठवड्यात दुकानात नेहमीच्याच बायका. शिवाय धंद्याचं खातं केलं की सिनेमातली बरीचशी गाणी वापरता येत नाहीत. गाणं गेलं, त्यामागं नाचही गेला.”

“मग आता काय करते?”

“आधी गूगलचा नकाशा नीट केला. दुकानाची खूण मागच्या गल्लीत, पंक्चरवाल्याच्या दारात पडली होती. तो बिचारा बायकांना रस्ता सांगून सांगून वैतागलेला. आता खूण जागेवर आहे, सोमवार बंद लिहिलंय, सणावारी किती वाजेपर्यंत उघडं तेही. नव्यानं बदलून आलेली बाई ‘जवळचं सलून’ म्हणून शोधते ना, तिला नाच नको असतो. आज उघडं आहे का आणि स्कूटर लावायला जागा आहे का, एवढंच बघायचं असतं.”

“आणि ते फोटो?”

“त्यांचंही तसंच. पूर्वी रिंगलाइट लावायची. त्या उजेडात कुठलाही रंग झळझळतो, मग घरी गेल्यावर नवरा विचारतो, कुठाय रंग? आता खिडकीपाशी त्याच स्टुलावर, त्याच पडद्याकडं तोंड करून बसवते. आधीचा एक, नंतरचा एक, दोन्ही पाठमोरे. फिल्टर नाही. तेही केस पूर्ण वाळल्यावर, ओले काय कुणाचेही चमकतात. वर्षानुवर्षं मेंदी लावलेल्या केसांवर रंग कसा चढला ते दाखवते, नाही चढला तर तेही दाखवते. असलं डोकं दिसलं की बाई म्हणते, अगंबाई, हे तर माझंच!”

“पाठमोरा बरा बाई.” काकूंनी आवाज खाली आणला. “आमच्या नणंदेचं कळलं का तुला? कुणाला बोलू नकोस हं.”

म्हणजे दोन-तीन घरं फिरून झाली होती.

“एका मोठ्या सलूनात गेली होती, नाव नको. घरी सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन येते. तिथला पोरगा फोन धरून उभा. हिला वाटलं, बोलतोय कुणाशी तरी. संध्याकाळी रील! आधी भांगातली पांढरी पट्टी जवळून, मग मान झटकून काळेभोर केस. सुनेच्या भिशीच्या ग्रुपवर आलं. जावयानं अंगठा दिला. आणि तिचे यजमान काय म्हणाले असतील? म्हणाले, डॉक्टरांनी गुडघा चांगला काळा केलाय!”

मला हसू आवरेना. “काढलं का मग त्यांनी?”

“भांडून काढायला लावलं. पण ग्रुपवरून पुढं गेलेलं कुठं परत येतंय?”

“म्हणून आमची आधी विचारते. नको म्हटलं की विषय संपला.”

“आणि दराचं काय? परवा मी एकीकडं खाली लिहिलं, किती घेता? तर उत्तर, ‘इनबॉक्स केलंय.’ काय हुंडा ठरवायचाय का?”

“हिनं दर लिहूनच टाकलेत. मानेपर्यंत एवढे, खांद्यापर्यंत एवढे, कमरेपर्यंत एवढे. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८पासून फुकट मिळतं, त्यात यादीच घालून ठेवलीय. दर वाचून काहीजणी फिरकल्याच नाहीत, हे खरं. पण ज्या आल्या, त्या घासाघीस न करता खुर्चीत बसल्या.”

“आणि ते तारे? पाच तारे द्या, आयब्रो फुकट?”

“गूगलला ते चालत नाही. अभिप्रायाच्या बदल्यात काही द्यायचं नाही, असा नियमच आहे त्यांचा. एकीनं दोनच तारे दिले, दीड तास ताटकळत ठेवलं म्हणून. हिनं वाद नाही घातला. ‘चुकलं, आता शनिवारी वेळ देऊनच बोलावते,’ असं तिथंच खाली लिहिलं. मला तरी पाच ताऱ्यांपेक्षा ते उत्तर वाचून बरं वाटलं. मध्ये एक हजारो फॉलोअरवाली आली होती. फुकट केराटिन करा, रील टाकते. हिनं विचारलं, जाहिरात आहे असं लिहिशील ना? जाहिरातवाल्यांच्या ॲस्की संस्थेनं २०२१मध्येच ते ठरवून दिलंय. पुन्हा काही ती आली नाही.”

“बरं झालं, ब्याद टळली!”

“सगळ्यात जास्त फोन कशावरून आले माहितेय? कानामागं रंगाचा ठिपका लावते, त्या साध्या व्हिडिओवरून. डाय करायच्या अठ्ठेचाळीस तास आधी ठिपका लावायचा. खाज सुटली, लाल झालं, तर रंग लावायचाच नाही. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी असतं, काहींना ते सोसत नाही. पूर्वी घरी डाय लावून तोंड सुजलेल्या बायका आपणहून फोन करतात.”

“मग माझाही ठिपका लाव म्हणावं. पण पितृपक्ष संपू दे.”

“ठिपक्याच्या आड पितृपक्ष कशाला येतोय? आत्ता खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून तर जाहिरात आत्ता लावलीय. घट बसायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच वेळ हवी असते.”

“खरंच की. मग आज संध्याकाळीच येते. आणि हे बघ, अंगठाबिंगठा मी देणार नाही, पण मंगळवारी महिला मंडळात सांगते.”

“किती बायका असतात हो मंडळात?”

“ऐंशी. चहा असला की शंभर.”

“काकू, उगाच पैसे भरले की हो तिनं!”

“तेच म्हणते मी. मला सवलत किती?”